दोन सुताचा बोल्ट, सहा दावेदार

आपल्याकडच्या फिटरच्या बोलीत इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. पाव इंची बोल्ट दोन सुताचा, पाच-सोळांशाचा अडीच सुताचा, पाऊण इंची पाइप सहा सुती. ही भाषा फार सोयीची आहे, पण ती अर्धीच माहिती देते. सूत जाडी सांगते, आटा सांगत नाही. पन्नास-साठच्या दशकातली बीएसए, ट्रायम्फ, नॉर्टन किंवा मॅचलेस उघडायला घेतली की उरलेल्या अर्ध्या माहितीची किंमत कळते. अशा गाडीतला दोन सुताचा बोल्ट इंचाला वीस आट्यांचा असू शकतो, सव्वीसचा असू शकतो, अठ्ठावीसचाही असू शकतो. वीसवाल्यांत दोन जाती आहेत, सव्वीसवाल्यांतही दोन. म्हणजे पाच दावेदार झाले. सहावा पेट्रोलच्या तोटीवर बसलेला असतो. त्याचेही नाव ‘पाव इंच’, पण व्हर्निअर लावला तर तो तेरा मिलिमीटरच्या वर भरतो. यातला आपला कोणता, हे ठरवायचे म्हणजे नीट मोजायचे, एवढाच या प्रश्नाकडे पाहण्याचा सर्वसाधारण दृष्टिकोन आहे. तो अपुरा आहे असे मला वाटते. मोजमापाने दावेदार कमी होतात, पण शेवटचे दोन उरले की मोजमाप बहुधा गप्प बसते. तिथून पुढे बोल्ट गाडीत कुठे बसला होता, तो कोणत्या धंद्यातून आला आणि गाडी कोणत्या सालची, हे विचारावे लागते.

धंदा हा शब्द मुद्दाम वापरला आहे. ब्रिटिश मोटारसायकलीतला आट्यांचा गोंधळ पाहून हे लोक वेडे होते काय, असे वाटणे साहजिक आहे. पण त्या गोंधळाला वंशावळ आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सगळ्या कारखान्यांसाठी एकच आटा असावा अशी मांडणी केली, ती वाफेची इंजिने आणि यंत्रे बनवणाऱ्यांच्या जगात. ५५ अंशांचा कोन, शेंडे आणि दऱ्या दोन्ही गोलसर, पाव इंचाला वीस आटे, अर्ध्या इंचाला बारा. ओतीव लोखंडात आणि पुढे अॅल्युमिनियममध्ये असा जाड, खोल आटा चांगला धरतो. पण थरथरणाऱ्या पोलादी भागांना तो भरड पडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच कोनाचा, त्याच गोलाईचा बारीक भाऊ आला. तो बीएसएफ, पाव इंचाला सव्वीस आट्यांचा. दरम्यान सायकलवाल्यांनी आपले घर वेगळे मांडले होते. पातळ नळ्या, बारीक एक्सल आणि सतत हादरे हे सायकलचे प्रश्न. त्यावर त्यांच्या संस्थेने १९०२ च्या सुमारास ६० अंशांचा, उथळ आणि बहुतेक मापांना सरसकट सव्वीसच आट्यांचा सीईआय ठरवला. बोल्ट जाड झाला तरी आटा तेवढाच बारीक. आता ट्रायम्फ, बीएसए, रॉयल एनफील्ड या कंपन्या मोटारसायकलीच्या आधी सायकली बनवत होत्या, हे आठवले की चौकटीत, चिमट्यात, चाकांच्या एक्सलवर सीईआय का सापडतो याचे कोडे उरत नाही. त्यांच्या फडताळात तेच टॅप आणि डाय पडलेले होते.

विजेचे सामान आणि कार्ब्युरेटर मात्र मोटारसायकलचे कारखाने स्वतः बनवत नसत. मॅग्नेटो आणि डायनमो ल्यूकसकडून यायचे, कार्ब्युरेटर बहुधा अमालचा. ल्यूकसकडच्या बारीक स्क्रूंना बीए हा आटा असतो, अमालच्या छोट्या स्क्रूंतही तो भेटतो. ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये पुरस्कारलेला हा आटा म्हणजे एक गंमतच आहे. तो मूळ स्विस थुरी पद्धतीवर बेतलेला, कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, मोजणी मिलिमीटरमध्ये. ० नंबरचा बोल्ट बरोबर सहा मिलिमीटर जाड आणि एक मिलिमीटर पिचचा. पुढच्या प्रत्येक नंबरची पिच आधीच्या नऊ-दशांश. नावाने ब्रिटिश, अंगाने मेट्रिक. पेट्रोल आणि तेलाच्या जोडण्या नळकामातून आल्या. तिथे बीएसपी चालतो आणि त्यात ‘पाव इंच’ म्हणजे नळीचे आतले नाममात्र माप. बाहेरून आटा १३.१६ मिलिमीटर भरतो, इंचाला एकोणीस. म्हणून तो सहावा दावेदार नुसत्या नावाचा. व्हर्निअर लावताच बाद होतो. आणि अगदी कट्टर ब्रिटिश इंजिनाच्या डोक्यावर बसलेला स्पार्क प्लग? तो चौदा मिलिमीटर जाड, सव्वा मिलिमीटर पिचचा, शुद्ध मेट्रिक. त्याबद्दल तेव्हाही कुणी तक्रार केली नसावी.

या वंशावळीत शेवटचे पान महायुद्धाने जोडले. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांचे बोल्ट एकमेकांना बसत नाहीत, ही अडचण युद्धात चांगलीच जाणवली होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये तिन्ही देशांनी ६० अंशांची युनिफाइड पद्धत मान्य केली. तिचा भरड आटा यूएनसी, बारीक यूएनएफ. पण करार झाला म्हणून मोटारसायकली बदलल्या नाहीत. यंत्रे, टॅप, डाय, गेज सगळे जुने होते आणि नवे घ्यायला पैसा लागतो. बीएसए आणि ट्रायम्फमध्ये यूएनएफने खरी मुसंडी मारली ती साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, तीही हप्त्याहप्त्याने. त्यामुळे १९६८-६९ च्या आगेमागे बनलेली गाडी ओळखीसाठी सगळ्यात अवघड. १९५० च्या गाडीत मूळचा यूएनएफ असण्याची शक्यता फार कमी, १९७२ च्या गाडीत तो असणे अपेक्षित. मधल्या दोन-चार वर्षांत मात्र एकाच इंजिनात शेजारी शेजारी दोन पिढ्या नांदतात. १९६७ मध्ये आलेल्या नॉर्टन कमांडोत तर जवळपास सगळीच घराणी एका छपराखाली भेटतात.

आता मोजमापाकडे येऊ, कारण ते टाळून चालणार नाही. बाहेरचा व्यास नेहमी नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरतो. ६.३५ चा बोल्ट ६.२ किंवा ६.३ दाखवतो. तो मेट्रिक सहाशी घोटाळा करत नाही, कारण सहाचा बोल्ट सहाच्याही खाली असतो. पाच-सोळांशाचे तसे नाही. तो ७.९४, मेट्रिक आठचा नवा बोल्टही तेवढाच भरू शकतो. जाडीवरून कोणताही शहाणा माणूस ते वेगळे करू शकणार नाही. तिथे आटे मोजायला हवेत. मेट्रिक आठची पिच सव्वा मिलिमीटर, म्हणजे इंचाला साधारण वीस आटे. अडीच सुतात ब्रिटिश किंवा युनिफाइड कुठल्याच पद्धतीत वीस आटे नसतात. तिथे व्हिटवर्थ आणि यूएनसी अठरा, बीएसएफ बावीस, यूएनएफ चोवीस, सीईआय सव्वीस. अडीच आणि तीन सुताचे बोल्ट म्हणून त्यातल्या त्यात सरळ असतात. फक्त मोजायचे अर्ध्या इंचावर, दोन-तीन आट्यांवर नव्हे. पिच गेजची पाती चुकीची असली तरी चार आटे बरोबर बसल्यासारखी दिसतात, फट पाचव्या-सहाव्यापुढे उघडते. अर्ध्या इंचात सव्वीसचे तेरा आटे आणि अठ्ठावीसचे चौदा. तिथे एका अख्ख्या आट्याचा फरक पडतो आणि तो लपत नाही. पिच गेज नसेल तर बोल्ट स्वच्छ पुसून कागदावर दाबत एकदा लोळवावा. कागदावर रेघा उमटतात आणि त्या पट्टी लावून निवांत मोजता येतात. हा उपाय गावठी वाटेल, पण काजळलेल्या आट्यात डोळे फोडण्यापेक्षा बरा.

मोजमाप कुठे हात टेकते ते पाहायचे तर दोन सुताचा सव्वीस आट्यांचा बोल्ट हातात घ्यावा. बीएसएफही सव्वीस, सीईआयही सव्वीस. पिच गेज दोघांनाही पास करते. फरक कोनाचा, पंचावन्न की साठ, पण आटा जेमतेम एक मिलिमीटरचा असताना पाच अंशांचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आट्याचे शेंडे पन्नास वर्षांत घासले असतील तर भिंगालाही दिसत नाही. खोली मात्र बोलते. बीएसएफचा आटा ०.६३ मिलिमीटर खोल, सीईआयचा ०.५२. दोन्ही बाजू धरल्या की बोल्टच्या गाभ्याचा व्यास एकात ५.१० आणि दुसऱ्यात ५.३१ येतो. तो मोजायला टोकदार जबड्याचा मायक्रोमीटर लागतो. त्याहून उपयोगी पडते ती एक विषमता. सीईआय उथळ असल्याने त्याच्या आट्याचा मधला व्यास बीएसएफपेक्षा सुमारे एक-दशांश मिलिमीटर जास्त भरतो. म्हणून बीएसएफचा बोल्ट सीईआयच्या भोकात सहज शिरतो आणि थोडा खडखडतो; उलट सीईआयचा बोल्ट बीएसएफच्या भोकात दोन-तीन फेऱ्यांत जड होतो. खात्रीचा एक बीएसएफ नट आणि एक सीईआय नट जवळ असला की हा न्याय दोन मिनिटांत होतो. अर्थात नटही कोरा हवा. झिजलेला नट दोघांनाही आत घेतो.

बसला म्हणजे झाले ना, असा आक्षेप इथे हमखास येतो. बोल्ट फिरला, घट्ट झाला, आणखी काय हवे? या आक्षेपाला सगळ्यात चांगले उत्तर व्हिटवर्थ आणि यूएनसी ही जोडी देते. पाव इंचाला दोघांचेही वीस आटे. त्यांच्या मधल्या व्यासातला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या जरासा वर. म्हणजे एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात लोण्यासारखा फिरतो, सैल लागत नाही, जड होत नाही. बोटांना काहीच कळत नाही. पण एकाचा उतार साठ अंशांचा आणि दुसऱ्याचा पंचावन्नचा, त्यामुळे आट्याची संपूर्ण बाजू बाजूला टेकत नाही, भार एका अरुंद कडेवर येतो. झाकणाच्या स्क्रूला हे कदाचित आयुष्यभर चालून जाईल. इंजिन ज्या प्लेटांनी चौकटीला धरले आहे तिथे, एकसिलिंडरी गाडीच्या धक्क्यांत, ती कडा दबते, ताण उतरतो आणि बोल्ट सैल होतो. मग पुन्हा आवळायचा, पुन्हा दबायचा. आटे गेले की दोष अॅल्युमिनियमला दिला जातो. चांगले बसणे हा पुरावा नव्हे, असे म्हणण्याचे कारण हे. इथे ओळख पटवतात ते आट्याचे शेंडे. व्हिटवर्थचे गोल, यूएनसीचे सपाट. आणि त्याहून जास्त पटवते ते साल.

जाडीत आणखी खाली उतरलो की तिढा घट्ट होतो. २ नंबरचा बीए ४.७ मिलिमीटर, पिच ०.८१. तीन-सोळांशाचा बीएसएफ, म्हणजे दीड सूत, ४.७६ मिलिमीटर, पिच ०.७९. अमेरिकी दहा-बत्तीस ४.८३, पिच तीच ०.७९. तीन देशांचे तीन धंदे आणि फरक केसाएवढा. दहा आट्यांची लांबी मोजली तर बीएची ८.१ मिलिमीटर येते आणि उरलेल्या दोघांची ७.९४, पण मॅग्नेटोच्या झाकणाचा स्क्रू पुष्कळदा दहा आट्यांचा नसतोच. मग काय करायचे? तो मॅग्नेटोत आहे एवढेच पुरेसे असते. ल्यूकसच्या वस्तूत बीए हेच पहिले अनुमान; ते खोटे ठरवणारा पुरावा मिळेपर्यंत तेच खरे मानावे. या पद्धतीला कुणी अंदाजपंचे म्हणेल. पण जागेवरून काढलेले अनुमान आणि अंदाज यांत फरक आहे. अनुमानामागे कोणी, कशासाठी आणि कोणत्या हत्यारांनी हे भोक पाडले याचे ज्ञान असते, आणि ते चूक ठरू शकते अशी तपासणीही असते.

पाना हा तिसरा साक्षीदार, आणि तोच सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. ब्रिटिश पान्यावरचा आकडा जबड्याचे माप नसतो; तो बोल्टची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचा जबडा ०.५२५ इंचाचा, म्हणजे १३.३ मिलिमीटर. तेराचा पाना अशा डोक्यावर चढत नाही आणि चौदाचा त्याचे कोपरे खातो. जुन्या गाड्यांवरची गोल झालेली षट्कोनी डोकी या एका आकड्याची साक्ष देतात. शिवाय बीएसएफचे डोके मुळातच एक माप लहान, म्हणून एकाच पान्यावर पाव इंच व्हिटवर्थ आणि पाच-सोळांश बीएसएफ असे दोन आकडे कोरलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवण्यासाठी व्हिटवर्थचीही डोकी एक माप उतरवली गेली. सीईआयच्या बोल्टांनाही बहुधा याच मापांची डोकी दिली जात. मग पाना नेमके काय सांगतो? फक्त एवढेच की बोल्ट जुन्या ब्रिटिश कुळातला आहे, अमेरिकी किंवा मेट्रिक कुळातला नाही. हेही काही कमी नाही. अर्धा इंच किंवा सात-सोळांश मापाचा, जबड्याचे खरे माप लिहिलेला पाना चपखल बसला तर युनिफाइडचा संशय धरावा. डोक्यावर वर्तुळाकार खळगा असेल किंवा षट्कोनाच्या बाजूवर एकमेकांना चिकटलेल्या छोट्या वर्तुळांची रांग असेल तर संशयही उरत नाही, ती युनिफाइडची खूण. डोक्यावर ८.८ असेल तर तो मेट्रिक. कारखान्यानंतर कुणीतरी घातलेला.

जागेचे शहाणपण सगळ्यात स्पष्ट दिसते ते स्टडमध्ये. क्रँककेसमधून बाहेर आलेला स्टड काढून आडवा धरावा. पुष्कळदा त्याची दोन टोके दोन वेगळ्या घराण्यांची असतात. अॅल्युमिनियममध्ये शिरणारे टोक भरड, व्हिटवर्थचे. नट घ्यायचे टोक बारीक, बीएसएफचे किंवा सीईआयचे. मऊ धातूला जाड आटा, पोलादी नटाला बारीक आटा, एका सळईवर. नट मोजून भोकाचा आटा ठरवणारा इथे शंभर टक्के फसतो. आणि सात-सोळांश किंवा अर्ध्या इंचाच्या जाड एक्सलवर वीस आटे सापडले तर यूएनएफ म्हणून मोकळे होऊ नये. अवजड मोटारसायकलींसाठी सीईआयनेही या मापांना वीस आट्यांची मालिका ठेवली होती. कोन दोघांचाही साठ. तरीही सीईआय उथळ, म्हणून यूएनएफचा बोल्ट त्याच्या नटात ढिला पडतो.

भागांच्या यादीत पाहिले की सगळे कळते, हा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कारखान्याची यादी हा उत्तम पुरावा आहे आणि ती असेल तर आधी तीच उघडावी. पण ती कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीबद्दल बोलते. समोरची गाडी त्यानंतर साठ वर्षे कुणाकुणाच्या हातातून गेली आहे. आपल्याकडे याचे सगळ्यात जवळचे उदाहरण बुलेट. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली, गाडी इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्याच्या आराखड्याची, आणि तिचे इंची आटे पुढे कित्येक वर्षे टिकले. मेट्रिक हळूहळू शिरले. त्याच काळात देशाने १९५६ च्या कायद्याने मेट्रिकचा रस्ता धरला होता. परिणाम असा की रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये हाताशी असायचा तो मेट्रिक बोल्ट, किंवा हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा व्हिटवर्थ. गाडीला हवा असायचा तो बीएसएफ किंवा सीईआय. जो मिळाला तो बसवला. नाही बसला तर टॅप मारून बसवला. त्या मिस्त्रीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, गाडी संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायची होती. पण आज बोल्ट पाहून मूळ आटा ठरवणाऱ्याने लक्षात ठेवावे की बोल्ट हा नेहमीच फितूर होऊ शकणारा साक्षीदार आहे. तो कुणीही बदलतो, भोक क्वचित.

मग सरळ सगळ्याच भोकांना मेट्रिक टॅप का मारू नये? कायमचा प्रश्न मिटेल. पाच-सोळांशाच्या भोकात मेट्रिक आठचा टॅप चालतोही, व्यास जवळपास सारखाच. पण जुन्या बावीस आट्यांवर नवे वीस चढवले की दोन्ही नक्ष्या एकमेकींना कापतात, मधला धातू तुकड्यातुकड्यांनी उडतो आणि जे उरते ते कुठल्याच मापाचे नसते. ज्याला हे करायचेच आहे त्याने भोक मोठे करून तारेची गुंडाळी बसवावी. ती जुन्या मापांतही मिळते आणि मूळचा आटा परत देते. माझा कल उघडच त्या बाजूला आहे. सुंदर जुनेपण जपावे म्हणून नव्हे, तर पुढच्या माणसाला जागेवरून अनुमान काढता यावे म्हणून. क्रँककेसमध्ये व्हिटवर्थ आणि चौकटीत सीईआय हा नियम जितक्या भोकांत मोडला जाईल तितका तो सांगण्यासारखा उरणार नाही.

आणि भोकच बिघडलेले असेल, बोल्ट गहाळ असेल, यादी मिळत नसेल, तरी एक जागा बहुधा शाबूत असते. बंद भोकात टॅप तळापर्यंत पूर्ण आटा कापत नाही, त्याचे टोक निमुळते असते. आणि नंतर घातलेला बोल्टही सहसा तळाला पोचत नाही. भोक पेट्रोलने धुऊन, वारा मारून, आत बॅटरीचा उजेड तिरका सोडला तर वरच्या फाटक्या आट्यांच्या खाली दोन-तीन फेरे स्वच्छ दिसतात, कडा अजून शाबूत, कारखान्यात कापल्या तशा. त्यांच्यातले अंतर वरच्या आट्यांशी जुळत नसेल तर मूळ माप खालचे. टोकाला किंचित निमुळता केलेला खात्रीचा बोल्ट, जबरदस्ती न करता, तिथपर्यंत पोचवायचा आणि बोटांनी फिरतो का पाहायचे.